‘कॉलेज कुठले?’ हा प्रश्न कधीपासूनचा

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजच्या नावाचा एक रकाना असतो. त्यावर बोट ठेवले की यादी उघडते. आयआयटी असतात, सीओईपी असते, व्हीजेटीआय असते, पुण्या-मुंबईची आणखी काही नावे असतात. कोरेगावच्या मुलाला ही यादी सरकवत पार तळाशी जावे लागते आणि तिथला ‘इतर’ हा शब्द निवडावा लागतो. हे पुण्यातले कोरेगाव पार्क नव्हे. साताऱ्याच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवरचे, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचे, वाघ्या घेवड्याचे हे तालुक्याचे गाव. इथे रयत शिक्षण संस्थेचे डी. पी. भोसले कॉलेज आहे, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची मुले-मुली एसटीने येऊन तिथे पदवी घेतात. ‘इतर’ निवडून धाडलेला अर्ज पुढे कोणी उघडला की नाही, हे त्यांना कधीच कळत नाही. यात अन्याय आहे असे म्हटले की उत्तर ठरलेले असते: नोकरी देणारा कॉलेज बघणारच, हे पूर्वापार चालत आले आहे. मला हे पूर्वापार मान्य नाही. सातारा-सांगलीचा इतिहास नीट पाहिला तर हा प्रश्न वयाने लहान निघतो. पदवी मूठभरांकडे होती तोवर ती कुठली हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. ती कोरेगावापर्यंत पोचली, आणि मग विचारणा सुरू झाली.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. त्याचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये झाले, ते चौघेच. रानडे आणि भांडारकर त्यांतले. त्यानंतर कितीतरी वर्षे ‘बी.ए.’ ही दोन अक्षरे माणसाच्या नावामागे लागत. एल्फिन्स्टन, डेक्कन, फर्ग्युसन यांना आपापला मान होता आणि अभिमानही होता, पण विद्यापीठाचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातला मुलगा आणि मुंबईतला मुलगा त्याच प्रश्नांना बसत. १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले तेव्हाही हेच चालू होते. याचा अर्थ तो काळ न्यायाचा होता असा मुळीच नाही. कुंपण होतेच, फक्त ते फार अलीकडे, शाळेच्या दारातच घातलेले होते. कोरेगावशेजारच्या खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी हेच मांडले, की शेतकऱ्यांच्या करातून चाललेले शिक्षण वरच्या जातींच्या पदरात पडते, आणि प्राथमिक शाळेतले शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, त्यालाही हीच पार्श्वभूमी होती. कुणब्याचा मुलगा फार तर व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन गावच्या शाळेत मास्तर होई. मॅट्रिकच्या अलीकडेच गळालेल्या मुलाला ‘कॉलेज कुठले?’ असे विचारण्याची वेळच येत नव्हती.

या भागात त्याच काळात माणसे निवडण्याची दुसरी एक रीत रुजली, आणि ती कारखान्यात रुजली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी ती नोकरी सोडली. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. सुरुवातीच्या सहकाऱ्यांत परीक्षांमध्ये न चमकलेले लोक होते. अनंतराव फळणीकरांनी तर शाळा अर्धवट सोडलेली होती आणि ते कारखान्याचे कल्पक इंजिनिअर ठरले. पुढे कोरेगाव तालुक्यातच, पाडळीला सातारा रोड स्टेशनाजवळ, धनजीशा कूपर यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. तो कारखाना उभा करण्यात भाऊराव पाटलांचा हात होता. त्यापूर्वी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव हिंडून विकले होते. भाऊरावांकडे मॅट्रिकचाही दाखला नव्हता. अशा ठिकाणी माणूस कसा पारखला जात असेल, हे नांगराचा फाळ डोळ्यांसमोर आणला की कळते. वाळूच्या साच्यात रस ओतताना हात चुकला की ओतकामात पोकळी राहते. ती वरून दिसत नाही. शेतकरी काळ्या रानात पहिले तास घालतो, फाळ ढेकळाला अडतो आणि तिथेच तुटतो. मग तो शेतकरी तुटका तुकडा घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहतो. ओतणाऱ्याची पात्रता त्या तुकड्यावर वाचता येत होती, त्यासाठी दाखला मागवावा लागत नव्हता. किर्लोस्कर-कूपर हे धर्मादाय करायला बसले नव्हते. त्यांना धंदा करायचा होता आणि माणूस ओळखण्याची हीच रीत त्यांना परवडत होती.

पदवी खेड्यात पोचण्याची कथा याच भाऊरावांपाशी येते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहत, एका पंगतीत जेवत, खडी फोडत, बागेला पाणी देत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तिथे मुलांच्या श्रमाचे मोल शिक्षणाच्या खर्चात धरले जाई. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आले. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ते विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाले. त्याने या भागाला आपले विद्यापीठ मिळाले, हे उपकार मोठेच. मात्र त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तोवर साताऱ्याचा मुलगा आणि फर्ग्युसनचा मुलगा पुणे विद्यापीठाच्या एकाच प्रश्नपत्रिकेला बसत होते, आता त्यांचे पेपर वेगळे झाले. मग १९८३ आले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील सांगलीचेच. त्यांनी विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर या दोन जिल्ह्यांत सांगलीचे वालचंद आणि कराडचे सरकारी कॉलेज एवढीच ठिकाणे होती. साखराळ्याला आणि साताऱ्याला नवी कॉलेजे निघाली, राज्यभर त्यांची रांग लागली आणि इंजिनिअरची पदवी दुर्मीळ राहिली नाही. नव्वदीनंतर आयटी कंपन्या आल्या, कॅम्पस मुलाखती आल्या. कोणत्या कॉलेजच्या आवारात जायचे आणि कोणत्या नाही याच्या याद्या झाल्या. टियर वन, टियर टू, टियर थ्री हे शब्द मुलांच्या तोंडी आले. दाराशी गर्दी झाली तेव्हा आत बसलेल्यांनी नवा अडसर घातला. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. परंतु कुंपण जातीचे आणि फीचे होते तेव्हा ज्या घरांतली मुले बाहेर राहिली, बऱ्याच अंशी त्याच घरांतली मुले या कुंपणाबाहेरही राहतात, आणि हा योगायोग नव्हे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. एका जागेला हजारो अर्ज येतात, सगळे वाचायला कोणाला सवड आहे? मोठ्या कॉलेजने कठीण प्रवेशपरीक्षेने मुले आधीच चाळलेली असतात, ती चाळणी फुकट मिळत असेल तर का वापरू नये? चाळणी आहे हे खरेच आहे. पण ती अठराव्या वर्षी लागते. क्लास कोणाला परवडला, इंग्रजी कोणाच्या घरात होते, हेही तीत चाळले जाते, आणि नोकरी बाविसाव्या वर्षी द्यायची असते. मधल्या चार वर्षांत काय झाले हे कॉलेजच्या नावावरून किती कळते? शीतल सेखरी यांनी भारतातल्या नामवंत सरकारी कॉलेजांत प्रवेशाच्या गुणरेषेच्या अगदी अलीकडे-पलीकडे असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रेषेपलीकडे पोचलेल्यांना पुढे पगार जास्त मिळाला, शेवटच्या परीक्षेच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे जादा पैसे मोजले गेले ते नावाचे. अमेरिकेत डेल आणि क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवले, की सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांपैकी ज्यांनी कमी प्रतिष्ठित कॉलेज निवडले, त्यांची कमाई सरासरीने तेवढीच राहिली. प्रतिष्ठित कॉलेजाचा खरा फायदा झाला तो गरीब घरच्यांना. ज्याला त्या नावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते. शिवाय सारखी पदवी असूनही दार सारखे उघडत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटेवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले. २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले. नाव वाचून माणूस ठरवण्याची ही सवय कॉलेजच्या नावापाशी एकाएकी निष्पाप होते असे मानायला मला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. गावाकडच्या कित्येक कॉलेजांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर काम रेटले जाते, प्रयोगशाळेतली यंत्रे जुनी असतात. हे झाकून कोणाचे भले होणार नाही. त्याबद्दल सरकारला आणि संस्थाचालकांना धारेवर धरलेच पाहिजे. पण हा दोष कॉलेजचा आहे, आणि शिक्षा मुलीला होते. रोज एसटीने कोरेगावला येऊन, दुपारनंतर रानात हात लावून जिने पदवी पूर्ण केली, तिची कुवत रिकाम्या खुर्च्यांवरून कशी मोजणार? मोजायचीच तर तिलाच मोजा. ते अशक्य नाही, कारण ते होत आले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागतो, कॉलेजवरून कोणाला दारात अडवत नाही. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून त्या परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येऊ लागली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पदवीधरही तिथे बसतो. साताऱ्या-सांगलीची मुले पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षामागून वर्षे का काढतात, याची कारणे पुष्कळ आहेत. पण कॉलेज न विचारणारे मोठे दार तेवढेच उरले आहे, हे त्यांतले एक आहे. खासगी क्षेत्रातही टीसीएसने २०१८ मध्ये देशभरासाठी एक पात्रता चाचणी सुरू केली आणि पूर्वी कधी कॅम्पस मुलाखत न पाहिलेल्या कॉलेजांतली मुले तिला बसू लागली. चाचण्यांनाही दोष असतात; इंग्रजीचा आणि क्लासचा फायदा तिथेही पोचतो. तरी चाचणीत मुलगी निदान प्रश्नाला उत्तर तरी देते. ‘इतर’ या शब्दाला तिला उत्तरच देता येत नाही.

हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात आज अर्ज चाळायला बसलेल्यांमध्ये सातारा-सांगलीचे कितीतरी आहेत. त्यांतले काही कराडहून, साखराळ्याहून, साताऱ्याहूनच पदवी घेऊन गेलेले आहेत. त्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या भरतीत पन्नास अर्ज बाजूला काढा, त्यांवरचे कॉलेजचे नाव झाका, मुलांना कामाचा एक तुकडा करायला द्या आणि तो तपासून झाल्यावरच नाव उघडा.