सिन्नरचें गोंदेश्वर मंदिर आणि ‘हेमाडपंती’ हें नांव

वऱ्हाडांत एखादें काळ्या दगडाचें जुनें देऊळ दाखवून तें कोणीं बांधलें असें गांवकऱ्यांस विचारिलें, तर ‘हेमाडपंतानें’ हें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. एका रात्रींत बांधलें, अशी पुस्तीहि पुष्कळदां जोडली जाते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांवचे रहिवासी. हें उत्तर आम्हीं लहानपणीं ऐकिलें आणि पुढें शिक्षकाच्या पेशांत तेंच विद्यार्थ्यांस सांगितलें. ‘हेमाद्रि पंडितानें चालू केलेल्या पद्धतीचें, चुन्यावांचून रचलेलें देऊळ तें हेमाडपंती’ ही व्याख्या आम्हीं वर्षानुवर्षें पाठ करून घेतली. एकदां एका विद्यार्थ्यानें उठून विचारिलें, ‘गुरुजी, त्यांनीं राज्याचा कारभार केला, एवढाले ग्रंथ लिहिले आणि इतकीं देवळेंहि बांधलीं, हें सारें केव्हां?’ आम्हीं त्यास खालीं बसविलें. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि तसें कबूल करण्याचें धैर्यहि त्या वेळीं झालें नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर सिन्नरचें गोंदेश्वर मंदिर पाहण्याचा योग आला, तेव्हां तो प्रश्न पुन्हां उभा राहिला. या लेखांत त्या मंदिराचें दर्शन वाचकांस घडवून, त्याच्या निमित्तानें ‘हेमाडपंती’ या नांवाची तपासणी करण्याचा हेतु आहे.

बाभुळगांवाहून धामणगांव स्टेशन गांठावें, तेथून आगगाडीनें नाशिकरोड, आणि पुढें पुण्याच्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटर गेलें म्हणजे सिन्नर येतें. आज हें विड्यांच्या व इतर कारखान्यांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्याची ओळख निराळी आहे. देवगिरीस जाण्यापूर्वीं यादवांचें घराणें याच प्रदेशांत वाढलें. सेउणचंद्रानें आपल्या नांवानें सेउणपुर वसविलें, आणि त्या देशासहि पुढें सेउणदेश हें नांव पडलें. दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेर येथील ताम्रपट शके ९२२ चा आहे. तिसऱ्या भिल्लमाचा कलस बुद्रुक येथील ताम्रपट शके ९४८ चा असून त्यांत सिंदीनगराचा उल्लेख येतो. हें सिंदीनगर म्हणजेच सिन्नर होय. पांचव्या भिल्लमानें इ. स. ११८७ च्या सुमारास स्वतंत्र सत्ता स्थापिली व देवगिरी ही राजधानी केली. तेव्हां सिन्नरचा भरभराटीचा काळ हा देवगिरीच्या वैभवाच्या आधींचा काळ आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे.

गोंदेश्वराचें देऊळ केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालीं आहे. तें पंचायतन आहे. म्हणजे एका उंच जोत्यावर मध्यभागीं शिवाचें मुख्य मंदिर, आणि चार कोपऱ्यांस सूर्य, विष्णु, पार्वती व गणेश यांचीं लहान मंदिरें. मुख्य मंदिराच्या समोर नंदीचा स्वतंत्र मंडप आहे. पंचायतन हा शब्द आम्हीं अमरकोश शिकण्याच्या वयापासून ऐकिला. घरच्या देव्हाऱ्यांतहि पांच देव मांडलेले पाहिले. परंतु तीच मांडणी एवढ्या विस्तारानें दगडांत उभी असलेली पाहतांच, ग्रंथांतील एखादें सूत्र आणि त्याचें भाष्य एकाच पानावर मिळावें तसा आनंद झाला.

महाराष्ट्रांतील जुन्या देवळांचीं शिखरें बहुधा ढासळलेलीं असतात, व गर्भगृहावर नंतरच्या काळांतील विटांचें अगर चुन्याचें काम दिसतें. येथें मुख्य मंदिराचें शिखर मूळ स्वरूपांत टिकून आहे. तें भूमिज पद्धतीचें आहे. या पद्धतींत शिखराच्या चारी दिशांस खालपासून वरपर्यंत एकेक सरळ पट्टी जाते, आणि दोन पट्ट्यांमधील जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जाऊन वर निमुळत्या होतात. ही रचना माळव्यांत परमारांच्या राज्यांत विशेष बहरली. उदयादित्याचें उदयपूर येथील उदयेश्वर मंदिर हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडे अंबरनाथ व झोडगें येथील मंदिरें याच कुळांतील होत. म्हणजे या शिखराची कल्पना देवगिरीच्या एका प्रधानाच्या डोक्यांतून एकाएकीं निघालेली नव्हे. नर्मदेपलीकडून कोंकणापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या परंपरेची ती शाखा आहे.

आतां चुन्याविषयीं. चुना न वापरणें हें हेमाडपंती देवळाचें मुख्य लक्षण म्हणून सांगतात. सिन्नरास मंडपांत उभें राहून वर पाहिलें म्हणजे हें काम कसें साधतें तें उमगतें. खांबांवर तुळया आडव्या ठेवावयाच्या. छतासाठीं दगडांचे थर एकापुढें एक थोडथोडे आंत सरकवीत न्यावयाचे. आणि प्रत्येक दगड घासून दुसऱ्याशीं असा बसवावयाचा कीं वरच्या दगडाच्या भारानेंच खालचा जागेवर राहावा. येथें जोडणारा पदार्थ चुना नसून वजन हाच आहे. ही युक्ति अर्थातच तेराव्या शतकांत निघाली नाहीं; तिच्या कितीतरी आधींपासून भरतखंडांत दगडी देवळें अशींच रचलीं जात होतीं. तेव्हां चुन्याचा अभाव हें बांधकामाचें वर्णन झालें. त्यावरून कर्ता किंवा काळ ठरत नाहीं.

काळ ठरविण्यास लेखच पाहिजेत. हेमाद्रि हा यादव महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) व त्यानंतर रामचंद्र यांच्या पदरीं श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी, होता. आतां ज्या देवळांस लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात त्यांतील लेख पाहावे. अंबरनाथच्या मंदिरांतील शिलाहार मुम्मुणीचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. या लेखांतील पहिला अंक आरंभीं ७ असा वाचला गेल्यामुळें तें मंदिर दोनशें वर्षें मागें ढकललें गेलें होतें. फेरवाचनानें तो ९ ठरला. तरीहि हेमाद्रीच्या अधिकारापूर्वीं तें दोनशें वर्षें उभें होतेंच. अंजनेरी येथील जैन मंदिराच्या संबंधाचा सेउणदेवाचा लेख शके १०६३ चा आहे. आणि आमच्या वऱ्हाडांत, अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळीच्या देवीच्या मंदिरांतील संस्कृत लेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा आहे. या शेवटच्या लेखांत हेमाद्रिदेव असें एका सामंताचें नांव येतें, ही गोष्ट मौजेची आहे. नांव तेंच, परंतु हा पुरुष महादेव यादवाच्या प्रधानाहून सुमारें एका शतकानें आधींचा. केवळ नांवावरून निष्कर्ष काढणाऱ्यास येथें किती सहज फसतां येईल हें सुज्ञ वाचकांस निराळें सांगावयास नको.

गोंदेश्वराचें मंदिरहि रचनेवरून अभ्यासक अकराव्या किंवा बाराव्या शतकांतील मानतात. लोकवार्ता तें राव गोविंद नांवाच्या गवळी राजानें दोन लक्ष रुपये खर्चून बांधल्याचें सांगते. ‘गवळी राजे’ हें यादवांचेंच लौकिक स्मरण असावें असें आम्हांस वाटतें, कारण यादव आपली परंपरा द्वारकेच्या श्रीकृष्णाशीं जोडीत. ‘गोविंदेश्वर’ यावरून ‘गोंदेश्वर’ हा अपभ्रंशहि भाषेच्या नियमांस सोडून नाहीं. म्हणजे सिन्नरच्या लोकांनीं बांधणाराचें नांव, अस्पष्ट कां होईना, देवाच्या नांवांत जपून ठेविलें. आणि आम्ही शिकलेल्या लोकांनीं त्यावर हेमाडपंती हा शिक्का मारला.

हेमाद्रीचा गौरव यामुळें उणा होत नाहीं. त्याचा चतुर्वर्गचिंतामणि हा व्रत, दान, तीर्थ, मोक्ष व परिशेष असे विभाग असलेला धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह आहे. अष्टांगहृदयावरील त्याची आयुर्वेदरसायन टीका वैद्यांस परिचित आहे. इतिहासाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची म्हणजे व्रतखंडाच्या आरंभींची राजप्रशस्ति. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या १८८४ सालच्या ग्रंथांत हस्तलिखितांच्या आधारें या प्रशस्तीचा उपयोग केला, तेव्हां दृढप्रहारापासूनची यादवांची वंशावळ नीट मांडतां आली; ताम्रपटांनीं तिला पुढें पुष्टि दिली. पोथ्या जतन करणारांनीं ही गोष्ट अभिमानानें सांगावी अशी आहे. परंतु दैवाचा खेळ असा कीं, ज्या पंडिताच्या पोथीनें सिन्नरच्या यादवांचीं नांवें विस्मृतींतून वर काढलीं, त्याच पंडिताच्या नांवाखालीं त्यांचीं देवळें मात्र निनांवी झालीं.

यावर एक आक्षेप संभवतो. इतकी सार्वत्रिक परंपरा अगदींच निराधार कशी असेल? महादेव व रामचंद्र यांच्या काळीं देवळें बांधलीं गेलीं असतीलच, आणि राज्याचें दफ्तर ज्याच्या हातीं त्याच्या आज्ञेनें कांहींस द्रव्यसाहाय्य मिळालें असणें सर्वथा शक्य आहे. आम्हांस तें अमान्य नाहीं. परंपरा हा पुरावा आहे, परंतु तो कशाचा हें पाहिलें पाहिजे. हेमाद्रीची कीर्ति लोकांत किती खोल रुजली होती याचा ती उत्तम पुरावा आहे. मोडी लिपि आणि बाजरीचें पीकहि त्याच्याच नांवावर घालणारी ही लोकस्मृति आहे. अमुक एक देऊळ अमुक सालीं झालें याचा मात्र ती पुरावा होऊं शकत नाहीं. हेमाडपंती हा शब्द शैलीचें सोयीचें नांव म्हणून कोणीं ठेविला तर आमची तक्रार नाहीं. तो कर्त्याच्या व काळाच्या रकान्यांत लिहूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कारण त्या रकान्यांत तो शब्द लिहिला कीं पुढील शोध थांबतो. अंजनेरीच्या लेखावरून कळतें कीं राजाबरोबर व्यापारी लोकहि देवस्थानास देणगी देत होते. असे दाते, सामंत, राण्या, आणि ज्यांच्या हातांनीं हे दगड घासले गेले ते कारागीर, या सर्वांचें स्थान एका प्रधानाचें नांव बळकावून बसतें. शिवाय उत्तर आधींच ठरलेलें असल्यामुळें देवळांत लेख आहे कीं काय हें पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत जीर्णोद्धाराच्या उत्साहांत खांबांस तैलरंग लागतो, जोत्यावर सिमेंट व फरशी बसते, मूर्तींवर शेंदराचीं पुटें चढतात. हें सारें भक्तीनें होतें, यांत शंका नाहीं. परंतु पुटाखालीं गेलेलें अक्षर आणि वाळवीनें खाल्लेलें पान यांची गति एकच.

सिन्नरचें दुसरें देऊळ ऐश्वराचें. त्याचें शिखर गेलें आहे, पण आंतील मकरतोरणाचें कोरीव काम अजून लक्ष वेधून घेतें. हीं दोन्हीं देवळें एकाच दिवशीं पाहिलीं असतां एकाच गांवांतहि बांधणी किती निराळी असूं शकते हें डोळ्यांस दिसतें. दोहोंस एकच नांव देऊन भागत नाहीं. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ सालचा ग्रंथ ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं सिन्नर व अंबरनाथ यांचीं चित्रें लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या चित्रांशेजारीं ठेवून पाहावीं, म्हणजे आमच्या म्हणण्याचा प्रत्यय घरबसल्या येईल.

शेवटीं एक विनंती. यवतमाळास शारदाश्रमाच्या द्वारें डॉ. य. खु. देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्या व वऱ्हाडचीं इतिहाससाधनें गोळा करण्याचें जें काम केलें, त्याच रीतीनें देवळांचेंहि टिपण झालें पाहिजे. आपल्या गांवचें जुनें देऊळ पाहतांना वाचकांनीं प्रथम त्याचें नांव व लोकवार्ता जशी ऐकिली तशी लिहावी. मग तोंड कोणत्या दिशेस, मंडपास खांब किती, द्वारावरील ललाटबिंबीं कोणती देवता, शिखर मूळचें कीं नंतरचें, हें क्रमानें नोंदावें. अक्षरांसारखें कांहीं दिसल्यास खरवडूं नये, त्यावर कांहीं ओतूं नये. तिरप्या उजेडांत छायाचित्र घेऊन जाणकारांकडे पाठवावें. कर्त्याचा रकाना पुराव्याअभावीं रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना पुढच्या शोधकास बोलावतो. चुकीनें भरलेला रकाना त्यास परत पाठवितो.

आमच्या वर्गांतील त्या विद्यार्थ्यास उत्तर देण्यास फार उशीर झाला. त्याचा प्रश्न योग्य होता, आणि त्यास खालीं बसविण्यांत चूक आमची होती. तो हें टिपण वाचील कीं नाहीं कोण जाणे. परंतु ज्या शिक्षकांच्या वर्गांत असा प्रश्न पुन्हां निघेल, त्यांनीं तरी विचारणाऱ्यास उभें राहूं द्यावें, आणि जमल्यास त्यास बरोबर घेऊन गांवच्या देवळाकडे जावें.