न पाहिलेली गाडी घेताना: जुन्या लक्झरी सेडानची दुरून तपासणी कशी करून घ्यावी

गेल्या वर्षी आमच्या भाच्याचा आखातातून फोन आला. "मामू, पुण्यात एक गाडी पाहिली. जर्मन कंपनीची स्पोर्ट्स सेडान. एकच मालक, चाळीस हजार किलोमीटर चाललेली. मालक म्हणतो, आजच बयाना टाका, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे." भाचा तिकडे, गाडी पुण्यात आणि आम्ही पांढरकवड्यात. फोटो तर एकदम चकाचक होते. पण पैसा परदेशात घाम गाळून जमवलेला होता, म्हणून आम्ही म्हटले, बेटा, दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत आणि नंतर आम्ही जे विचारून, वाचून शिकलो, ते इथे सर्वांसाठी देत आहोत.

स्वस्त का मिळते?

लक्झरी गाडीची किंमत पहिल्या चार-पाच वर्षांत झपाट्याने उतरते. म्हणून नवी असताना पन्नास-साठ लाखांची गाडी काही वर्षांनी आपल्या आवाक्यात दिसू लागते. पण गाडीची किंमत उतरली म्हणून पार्ट्सची उतरत नाही. टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सस्पेन्शन, हेडलाइट हे सगळे नव्या गाडीच्याच भावाने येते. यातल्या बऱ्याच गाड्यांना 'रन-फ्लॅट' टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते. टायर फुटला की तो आपल्या गावात मिळेलच असे नाही. कंपनीच्या वर्कशॉपसाठी नागपूरच गाठावे लागते, म्हणजे जवळपास दीडशे किलोमीटर. त्यामुळे एक दोष नजरेआड झाला तर तो लाखाच्या घरात पडतो.

पहिले काम: कागद

गाडीआधी कागद पाहावेत. ते घरी बसून होते.

* आरसी बुकावरचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकावा. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे तिथे दिसते. थकलेली चलानेही ऑनलाइन पाहता येतात.
* चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर यांचा फोटो मागवून एकेक अक्षर जुळवावे. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. ती दिसली तर सावध व्हावे.
* विम्याची पॉलिसी मागवावी. 'नो क्लेम बोनस' पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल तर विचारावे, क्लेम कशाचा घेतला होता?
* कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची पूर्ण नोंद मागवावी. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. आकडा मध्येच मागे गेला तर मीटर फिरवलेले आहे.

दुसरे काम: तपासणारा आपला असावा

विक्रेत्याने दिलेला 'तपासणी अहवाल' हा त्याच्या बाजूचा कागद असतो. तपासणाऱ्याची फी आपण द्यावी, अहवाल थेट आपल्याकडे यावा. उत्तम म्हणजे त्याच शहरातल्या त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेऊन पैसे भरून तपासणी करून घ्यावी. मालकाने "तिथे कशाला नेता?" म्हटले की अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

तपासणाऱ्याला यादी लिहून द्यावी:

* थंड इंजिन: रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करावी. आधीच गरम केलेले इंजिन धूर आणि आवाज लपवते.
* ओबीडी स्कॅन: स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून साठलेले एरर कोड वाचावेत. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही असते, ती मीटरशी जुळवावी.
* रंगाची जाडी: मशीनने प्रत्येक पत्र्यावर मोजावी. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर आकडा दुप्पट-तिप्पट निघाला तर खाली लांबी भरलेली असण्याचा संभव.
* पाण्यात बुडालेली गाडी: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहावी. सीटखालचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, डिकीतला खड्डा तपासावा. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि डिसेंबर २०१५ ला चेन्नईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. धुऊन-पुसून अशा गाड्या दुसऱ्या शहरात विकायला येतात.
* टायर: बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. '२३२१' म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

फोटोंवर समाधान मानू नये. व्हिडिओ कॉल लावून न थांबता, न कापता पूर्ण गाडी पाहावी: बोनेट, खालची बाजू, चालू मीटर आणि दोन-चार किलोमीटरची फेरी.

बाहेरच्या राज्यातली गाडी

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी एनजीटीच्या २०१५ च्या आदेशातून आली, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. पुढेही यावर कोर्टाचे हुकूम येत राहिले. त्या वयाजवळ पोचलेल्या गाड्या तिकडे स्वस्त निघतात. पण ती गाडी महाराष्ट्रात आणताना एनओसी (फॉर्म २८) आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथली नवी नोंदणी लागते. शिवाय रोड टॅक्स आहेच. तो जोडून मगच भाव स्वस्त आहे की नाही ते बघावे.

बयाना आणि लिखापढी

न पाहता घेतलेल्या मालासाठी हनफी फिकहमध्ये 'खियार-ए-रुयत' आहे, म्हणजे माल पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा याचा हक्क. ऐब निघाला तर 'खियार-ए-ऐब'. हीच गोष्ट साध्या भाषेत कागदावर लिहून घ्यावी: "तपासणीत दोष निघाला तर बयाना परत." रक्कम बँकेतूनच आणि आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्यावी.

गाडी डीलरकडून घेतली आणि फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या आयोगात करता येते. एखाद्याने स्वतःची गाडी खासगीत विकली असेल तर हा रस्ता सहसा मिळत नाही. म्हणून तिथे लिखापढी आणखी पक्की हवी.

नाव बदलल्याशिवाय सौदा पूर्ण नाही

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा.

हे विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, पण आरसीवर नाव जुन्याच मालकाचे होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सुप्रीम कोर्टाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. "कागद नंतर करू" म्हणणारा भला माणूस असेलही, पण धोका दोघांनाही आहे.

आमच्या भाच्याच्या गाडीचे काय झाले?

आम्ही पुण्यातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फी देऊन पाठवले. मीटरवर चाळीस हजार होते. दोन वर्षे आधीच्या सर्व्हिसच्या नोंदीत बहात्तर हजार निघाले. पुढचा उजवा पत्राही नव्याने रंगवलेला होता. मालकाला विचारले, तर त्याने फोन उचलणे बंद केले.

भाचा दोन दिवस नाराज होता. आमचे गेले ते फक्त तपासणीचे पैसे, बयाना वाचला. नंतर त्याने नागपुरातूनच एक साधी सेडान घेतली. सुट्टीवर आला तेव्हा स्वतः चालवून पाहिली आणि मगच पैसे दिले. आता अम्मीला दवाखान्यात नेताना तीच गाडी कामी येते.