लॅप्स : निसटलं की काढून घेतलं?

विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी 'लॅप्स' होते. वर्षाखेरीपर्यंत रजा घेतल्या नाहीत की त्याही लॅप्स. आमच्या आयटीत हा शब्द डिसेंबरात तर रोज कानावर पडतो. गंमत म्हणजे ह्यात कर्ताच नसतो! कुणी काही केलेलं नसतं, ते आपलं आपण झालेलं असतं.

मूळ लॅटिन 'लाबी', म्हणजे घसरणे, निसटणे. कोलॅप्स, रिलॅप्स, इलॅप्स ही सगळी त्याचीच भावंडं. (लॅपटॉपमधला लॅप ह्या घरातला नाही बरं का. तो जुन्या इंग्रजीतला. आधी कपड्याचा लोंबता पदर, मग मांडी.) तिसऱ्या शतकात रोमन सम्राट डेसियसच्या छळामुळे ज्या ख्रिस्ती लोकांनी धर्म नाकारला, त्यांना 'लाप्सी' म्हणत, म्हणजे घसरलेले. पुढे इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात वेगळाच अर्थ आला. पाद्री नेमायचा हक्क ज्याच्याकडे असे त्याने सहा महिन्यांत नेमणूक केली नाही, तर हक्क लॅप्स होऊन बिशपकडे जाई. म्हणजे हक्क निसटतो तो नेमका वरच्याच्या ओंजळीत!

आता साताऱ्याकडे या. 1819 च्या तहाने कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना राज्य दिलं, तेही 'वारस आणि उत्तराधिकारी' असे शब्द घालून. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेबांना गादीवर बसवलं. अप्पासाहेब 5 एप्रिल 1848 ला वारले. अगदी शेवटच्या घटकेला त्यांनी दत्तक घेतला होता. हिंदू शास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा म्हणजे मुलगाच. पण डलहौसीचं म्हणणं असं, की खासगी मालमत्तेला दत्तक चालेल, राज्याला आमची परवानगी हवी. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रेअर ह्या दोघा इंग्रजांनीच विरोध केला. उपयोग शून्य. तत्त्वाचं नाव काय, तर 'डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स'. सातारा आम्ही घेतला नाही हो, तो निसटला!

हे तत्त्व डलहौसीच्या सुपीक डोक्यातून आलं असं आपण शाळेत घोकलेलं असतं, पण आंग्र्यांचं कुलाबा 1840 मध्येच असं गेलं होतं. डलहौसीने त्याचा सपाटा लावला, एवढंच.

मराठीने मात्र हा शब्द घेतलाच नाही. आपण म्हणतो राज्य 'खालसा' केलं. अरबी 'खालिस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ. शिखांचा खालसाही तिथलाच. मोगलाईत ज्या जमिनीचा महसूल मध्ये जहागीरदार न येता थेट सरकारी खजिन्यात जाई ती खालसा. मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण 'खालसा केलं' म्हटलं की कुणी केलं हे सांगावंच लागतं. रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन तेरा-चौदा वर्षं हेच तर विचारत होते. आधी प्रतापसिंहांसाठी, मग साताऱ्याच्या गादीसाठी. 1853 मध्ये ते हात हलवत परतले. 1857 मध्ये त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फाशी गेला.

सांगलीची गोष्ट उलटी. कृष्णेच्या खालच्या अंगाला पटवर्धनांची संस्थानं. त्यातलं तासगाव 1848 मध्येच लॅप्स झालं. सांगलीचे धुंडिराजराव 1901 मध्ये निपुत्रिक वारले. प्रसंग साताऱ्याचाच म्हणा ना! पण मधे सत्तावन्न होऊन गेलं होतं आणि 1862 मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. सरकारने पटवर्धनांच्याच घराण्यातला तेरा वर्षांचा मुलगा निवडून 1903 मध्ये गादीवर बसवला. तेच दुसरे चिंतामणराव अप्पासाहेब.

ह्याच अप्पासाहेबांच्या हयातीत हा शब्द पुन्हा एकदा कायद्यात आला. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याचं सातवं कलम काढून बघा. संस्थानांवरची ब्रिटिश राजाची अधिसत्ता 15 ऑगस्टपासून काय होते? लॅप्स!

सांगली 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात गेली, साताऱ्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. त्याला आपण 'विलीन' म्हणतो. त्या शब्दावर पुन्हा कधीतरी.