वाइंडिंगविना हजार व्होल्ट

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अचानक अंधारला, की नांदेडच्या वजिराबादमधला किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळचा मेकॅनिक आधी टॉर्च काढतो. पडद्यावर तिरका उजेड मारल्यावर आतलं चित्र पुसट दिसलं, की निदान झालं: पॅनेल शाबूत आहे, मागची ट्यूब गेली आहे, नाहीतर तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या काळात मराठवाड्यातल्या घराघरांत येऊन बसलेला बॅटरीचा डबा तो हा नव्हे. हे पडद्याच्या कडेला दडलेलं बोटभर रुंदीचं सर्किट. बॅटरीचे दहा-बारा व्होल्ट घ्यायचे आणि हजारावर चढवायचे, एवढंच त्याचं काम. बहुतेकांवर तांब्याच्या बारीक तारेचा ट्रान्सफॉर्मर असे. काहींवर मात्र तार नव्हतीच. कपाच्या फुटक्या तुकड्यासारखी दिसणारी एक चपटी पट्टी तेवढी होती. तिचीच ही कुळकथा.

सुरुवात पॅरिसची, १८८० सालची. काही स्फटिक दाबले तर त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिलं. पिएर तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. दोघांनी तपासलेल्या पदार्थांत टूर्मलीन होता, पुष्कराज होता, क्वार्ट्झ म्हणजे मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी होती आणि चक्क उसाची साखरही होती. मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातले कारखाने गळीत हंगामात जी पोती भरतात, त्यांतला दाणा न् दाणा या गुणाचा आहे. फक्त त्यातून मिळणारी वीज इतकी क्षीण, की चहात विरघळवण्याखेरीज साखरेचा दुसरा उपयोग कुणाला सुचू नये. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणितानं उलट बाजू मांडली: दाबल्यावर वीज येते, तर वीज दिल्यावर स्फटिकानं ताणलं-आकसलं पाहिजे. क्युरी बंधूंनी ते प्रयोगानं सिद्ध केलं.

या दोन्ही बाजू एकाच तुकड्यात नांदवायची युक्ती चार्ल्स रोझेन यांची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९५८ मध्ये मिळालं. हाच गुण असलेल्या सिरॅमिकची एक लांबट पट्टी घ्यायची. तिच्या अर्ध्या भागाचं ध्रुवीकरण जाडीच्या दिशेनं करायचं, उरलेल्या अर्ध्याचं लांबीच्या दिशेनं. पहिल्या भागाला योग्य वारंवारतेची वीज दिली की अख्खी पट्टी लांबीच्या दिशेनं थरथरू लागते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दुसऱ्या टोकाला त्या थरथरीची पुन्हा वीज होते, आणि व्होल्टेज कितीतरी पट वाढलेलं असतं. ना वाइंडिंग, ना लोखंडी गाभा, ना चुंबकीय क्षेत्र.

रोझेन गृहस्थही एका जागी रमणारे नव्हते. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी ‘शेकी’ या सुरुवातीच्या स्वयंचलित रोबोवरच्या कामाचं नेतृत्व केलं आणि सहकाऱ्यांबरोबर रिज व्हिनयार्ड्स ही वाइनरीही काढली. पट्टी मात्र खोळंबून राहिली. १९७० च्या दशकात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसाठी ती वापरून पाहिली गेली, पण सिरॅमिक टिकेना.

त्या सिरॅमिकच्या घराण्यातला एक सदस्य तोवर स्वयंपाकघरात पोहोचला होता. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं हे मिश्रण, म्हणजे पीझेडटी, १९५० च्या दशकात पुढे आलं. गॅसच्या लायटरमध्ये त्याचाच तुकडा असतो: स्प्रिंगवरची हातोडी आदळते, हजारो व्होल्ट निर्माण होतात, ठिणगी उडते. पुण्याजवळ भोसरीत स्पार्कलर सिरॅमिक्स ही कंपनी पीझेडटी बनवते आणि देशातल्या संशोधकांच्या प्रयोगांत तिचे तुकडे वापरले जातात.

पीझेडटीच्या पट्टीला खरं स्थळ सांगून आलं ते १९९० च्या दशकात. लॅपटॉपच्या पडद्यामागे दोन-तीन मिलिमीटर जाडीची कोल्ड कॅथोड ट्यूब असे. ती पेटवायला हजाराच्या पुढे व्होल्ट लागत. एकदा पेटली की पाचसहाशेवर भागे. रोझेनच्या पट्टीचा स्वभाव नेमका तसाच. भार नसताना तिचं व्होल्टेज भरपूर चढतं, भार आला की आपोआप उतरतं. इतका जमलेला जोडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्वचितच पाहायला मिळतो. शिवाय पट्टी बारीक, त्यामुळे पडद्याची चौकट सडपातळ ठेवता येई, आणि जळून धूर काढायला तिच्यात वाइंडिंगच नाही. जपानी कंपन्यांनी हे इन्व्हर्टर बाजारात आणले.

खोडीही होत्याच. तापमान किंवा भार बदलला की तिची वारंवारता सरकते, म्हणून सर्किटला सतत तिच्या मागे धावावं लागतं. एका पट्टीतून मिळते जेमतेम काही वॅट वीज. मोठ्या एलसीडी टीव्हीत डझनभर किंवा जास्त ट्यूब असत, तिथे तांब्याच्या तारेनंच मैदान राखलं. मग एलईडी आले. त्यांना हजार व्होल्ट लागतच नाहीत. २०१० च्या आसपास लॅपटॉपमधून ट्यूब गेली आणि तिच्यामागोमाग पट्टीही. हार ट्यूबची होती, पट्टीची नव्हे. आज त्याच रचनेच्या पट्ट्या शीत प्लाझ्मा तयार करणाऱ्या हातातल्या उपकरणांत काम करतात.

माळ्यावर तसा जुना लॅपटॉप किंवा मॉनिटर पडून असेल, तर तो फोडून भंगारात घालू नका. ट्यूबमध्ये पारा असतो, आणि ही पट्टी असलीच तर तिच्यात शिसं. तो अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्या.