जिवाणूची हिशेबवही

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून लोणारचे विवर फार लांब नाही. आपल्यापैकी काहींनी मुलांची सहल तिथे नेलीही असेल. काठावरचा वास येताच मुले नाके दाबतात. त्या सरोवराच्या गाळात वीज देणारे जिवाणू राहतात.

जिवाणूंपासून वीज मिळते हे जुनेच. इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ साली ते दाखवले होते. पण जिवाणू वीज देतो तरी कशाला? डेरेक लव्हली यांना १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात याचा धागा सापडला. आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतो. तिथला जिओबॅक्टर ते पेशीबाहेरच्या लोहसंयुगांना देतो. लोहाच्या जागी विद्युतअग्र ठेवले की झाला प्रवाह सुरू!

त्याच्या एका भाईबंदाचा, जिओबॅक्टर सल्फरेड्यूसेन्सचा, जनुकसंच २००३ मध्ये वाचून झाला. त्यावरून राधाकृष्णन महादेवन, लव्हली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या जिवाणूच्या चयापचयाची संगणकीय प्रतिकृती मांडली. तीत ५८८ जनुके आणि ५२३ अभिक्रिया होत्या. प्रत्येक अभिक्रियेचा वेग मोजणे अशक्यच. म्हणून त्यांनी वाण्याची युक्ती केली: जेवढे आत आले तेवढे कुठेतरी खर्ची पडलेच पाहिजे. हा मेळ बसवणाऱ्या असंख्य मांडण्यांतून सर्वाधिक वाढ देणारी मांडणी संगणक शोधतो.

त्यातून अनपेक्षित गोष्ट निघाली. इलेक्ट्रॉन बाहेर जातात, पण त्यांच्यासोबत सुटलेले प्रोटॉन आतच उरतात. पेशी आम्लधर्मी होऊ नये म्हणून ते बाहेर टाकावे लागतात, आणि त्यात ऊर्जा जाते. म्हणूनच लोहावर जगणारा जिवाणू सावकाश वाढतो. पुढे संगणकाने सांगितले, की ऊर्जेला मुद्दाम गळती लावली तर श्वसन वाढेल. २००८ मध्ये तसा जिवाणू घडवला, आणि श्वसन खरेच वाढले. वाढ मात्र मंदावली. बिचारा!

आता लोणारकडे वळू. मोहालीच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील सुक्रमपाल यादव आणि सुनील पाटील यांनी २०२० मध्ये तिथल्या गाळातून वीज देणारा जिवाणूथर वाढवला, तोही ९.५ सामूच्या खारट द्रावणात. इथे बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ! गोड्या पाण्यातल्या जिओबॅक्टरची वही इथे जशीच्या तशी चालणार नाही. प्रोटॉनचे पान नव्याने लिहावे लागेल. त्यासाठी आधी जिवाणू सुटा हवा. तो २०२२ मध्ये मिळाला: जिओअल्कलीबॅक्टर हॅलइलेक्ट्रिकस.