रतनपुरुष

रतनपुरुष : (लॅ. हायबँथस एनिॲस्पर्मस, कुल–व्हायोलेसी). व्हायोलेटच्या कुलातील लहान, बहुवर्षायू रानटी ओषधी. प्रसार आफ्रिका, उष्ण आशिया व ऑस्ट्रेलियात; महाराष्ट्रात खानदेशासह बहुतेक भागांत. व्हायोला प्रजातीतील बहुतेक जातींना थंड हवा लागते. काष्ठौषधींच्या दुकानातला बनफशा याच प्रजातीतला; तो हिमालयाकडून येतो. त्यामुळे तापीकाठच्या सारंगखेड्याला (ता. शहादा, जि. नंदुरबार) या कुलाची ओळख करून घ्यायची, तर ती रतनपुरुषावरच. नांगरटीच्या काळ्या रानात ही वनस्पती टिकत नाही. गवताळ बांध, पडीक व मुरमाड जागा पाहाव्यात.

खोड बुडाशी काष्ठमय, उंची साधारण १५–३० सेंमी. पाने एकाआड एक, अरुंद, जवळजवळ बिनदेठाची. फुले पावसाळ्यात, पानांच्या बगलेत एकेकटी, गुलाबी-जांभळी. खरे पाहण्यासारखे आहे ते फूलच. पाच पाकळ्यांपैकी चार इतक्या लहान, की फूल एकाच पाकळीचे वाटते. खालची पाकळी रुंद, पसरट; तिचा देठ अरुंद आणि बूड पिशवीसारखे फुगीर. भिंगाखाली पाच केसरदले किंजपुटाला वेढून बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला नारिंगी पातळ पापुद्रा. खालच्या दोन केसरदलांवर ग्रंथी असतात. किंजपुटात एकच कप्पा. बीजके त्याच्या भिंतीवर तीन ओळींत. बोंड गोलसर, तीन शकलांनी उकलणारे. बियांवर उभ्या रेषा.

लिनीअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला व्हायोला प्रजातीत घातले. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीग्रंथात ती आयोनिडियम या नावाखाली आहे. हायबँथसमधील स्थान म्यूलर यांनी दिले (१८७६). अलीकडे काही अभ्यासक ती ॲफ्रोहायबँथस किंवा पिजिया प्रजातीत घालतात. यावर एकमत नाही.

टॉनी कोस्टर फुलपाखराच्या अळ्या हिची पाने खातात. हे फुलपाखरू २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम आढळले. तिथेही अळ्यांना हीच वनस्पती मिळाली.

औषधी उपयोग : मूत्रविकारांवर व शक्तिवर्धक म्हणून, परंपरेने. संस्कृत ग्रंथांतील स्थलकमल ते हेच, असे काही मानतात.

औषधासाठी झुडूप मुळासकट उपटले जाते. अभ्यासकांनी नमुना म्हणून फुला-बोंडासह एकच फांदी घ्यावी, मूळ जमिनीत राहू द्यावे.