काकांचं पॅकेट परत येईना

मागे इथे कोणीतरी काचीगुड्याच्या जुन्या घरांबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. त्या भागातल्या एका गच्चीवर बांबूंना ताणलेल्या तारा ज्यांना आठवतात, त्यांना काका नक्की आठवतील. सख्खे नव्हेत, शेजारचे. पण सगळ्या गल्लीचे काकाच. तीस वर्षं कारखान्यात नोकरी, आणि जीव सगळा हॅम रेडिओत.

हैदराबादेत हा नाद तसा जुना. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था 1983 साली इथंच उभी राहिली. त्याच वर्षी ओवेन गॅरियट हा अंतराळवीर कोलंबिया यानातून छोट्या रेडिओवर जमिनीवरच्या हॅम लोकांशी बोलला. अवकाशातून असं बोलणारा तो पहिला. काका ही दोन्ही गोष्टी एका दमात सांगत, जणू एकाच घरातली लग्नं! पुढे रशियाच्या मीर स्थानकावर पॅकेट रेडिओ आला. मार्च 2001 मध्ये मीर समुद्रात पाडलं, तोवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसं राहायला गेली होती. 5 मे 2005 ला इस्रोनं आपला हॅमसॅट सोडला. काकांनी त्याच्यावरून मनसोक्त मोर्स वाजवला. 2014 मध्ये त्याच्या बॅटरीनं दम सोडला, तेव्हा दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत म्हणे. काकूंनीच सांगितलं.

इंदूरला त्यांचे एक मित्र होते. आमच्या घरात त्यांना ‘इंदूरकर’ एवढंच नाव. दोघांची प्रत्यक्ष भेट आयुष्यात दोनदा, पण चाळीस मीटर बँडवर रोज सकाळी गप्पा. 2018 च्या सुमारास त्या गप्पा तुटायला लागल्या. काका म्हणायचे, ‘बँड खराब झालाय रे, बोलणं समजतच नाही.’ आम्हाला ते खरं वाटलं. मी तेव्हा नवा नवा लायसन्सवाला, म्हणून सुचवलं की अंतराळ स्थानकामार्फत पॅकेट पाठवू. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, पडद्यावर वाचायचं. इंदूरकरांच्या नातवानं तिकडे जुळणी केलीच होती.

थोडक्यात सांगतो. टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटर दोन सुरांत बदलतो, एक 1200 हर्ट्झचा, दुसरा 2200 चा. रेडिओ ते 145.825 मेगाहर्ट्झवर वर पाठवतो. चारशे किलोमीटर उंचीवरचा रेडिओ ते ऐकतो आणि एकाही बिटाची चूक नसेल तरच पुन्हा खाली सोडतो. इंदूर इथून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर; स्थानक डोक्यावर असताना ते दोन्ही गावांना एकदमच दिसतं. फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची.

पहिले पंधरा दिवस वेंधळेपणात गेले. गुजराती गल्लीतून केबल आणून इंटरफेस बनवला. मग कॉम्प्युटरचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि सॉफ्टवेअर ते ग्रीनिचचं समजतंय, त्यामुळे स्थानक यायच्या साडेपाच तास आधीच आम्ही आकाशाकडे अँटेना धरून उभे! नंतर कळलं की संदेशाच्या मार्गात जमिनीवरच्या रिपीटरचं नाव राहिलंय, तिथं ‘एआरआयएसएस’ हवं. तेही केलं. रेडिओ चालू झाल्यावर मजकूर निघेपर्यंतचा वेळ वाढवला. तरी पॅकेट परत येईना.

गंमत म्हणजे घरात दुसरा रेडिओ लावला की तेच पॅकेट स्वच्छ वाचलं जायचं. वरून इतरांची पॅकेटंही येत होती. फक्त आमचं वर पोचत नव्हतं. महिन्याभरात एकच परतलं, तेही फेरीच्या बरोबर मध्यावर.

त्या एकानंच चोर पकडून दिला. स्थानक येताना आणि जाताना डॉप्लरमुळे लहर तीन-साडेतीन किलोहर्ट्झ सरकते; मध्यावर सरकत नाही. म्हणजे आमचा सिग्नलच इतका रुंद होता की थोडा सरकला की वरच्या रेडिओच्या गाळणीबाहेर सांडायचा. घरात सरकणं नाही, म्हणून घरात ठीक. आणि रुंद का? तर आवाज प्रमाणाबाहेर चढवलेला. मी लावलेली पातळी रोज कोणीतरी वाढवत होतं.

काका वाढवत होते. ‘बेटा, एकच सूर येतोय, दुसरा बारीक आहे. म्हणून थोडा चढवतो.’

मी लॅपटॉपवर दोन्ही सूर वेगवेगळे वाजवले. 1200 ला त्यांनी मान हलवली. 2200 ला ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. कारखान्यातल्या यंत्रांनी वरचे सूर खाल्ले होते. मोर्स सहा-सातशे हर्ट्झवर ऐकतात, तो अजून खणखणीत ऐकू यायचा, म्हणून त्यांना कधी शंकाच आली नाही. बोलण्यातले स, श, त मात्र वरच्या सुरांतच असतात. बँड खराब नव्हता.

हे कसं सांगायचं? मी गप्प. काकूच म्हणाल्या, ‘दारावरची बेल दोन वर्षं ऐकू येत नाही यांना.’ काका काही बोलले नाहीत. उठून खाली गेले. मला वाटलं, संपलं.

अर्ध्या तासानं ते माळ्यावरचा जुना ऑसिलोस्कोप फडक्यानं पुसत वर आले. ‘कानानं नाही ना होत? मग डोळ्यानं करू.’ दुसऱ्या रेडिओचा आवाज त्यावर घेतला, पातळी चढवत नेली. लाटेची उंची वाढायची थांबली आणि माथे सपाट झाले, तिथं खूण केली. मग त्या उंचीच्या साठ टक्क्यांवर खाली आणलं. तिथं खिळ्यानं ओरखडा मारला आणि मला दम दिला, ‘आता हात नक्को लावू.’ लावणारे तेच होते, पण असो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फेरीत, स्थानक अजून वायव्येला खाली असतानाच, पडद्यावर आमची ओळ परत आली. स्थानकाच्या कॉल साइनपुढे तारा. रोमन अक्षरांत मजकूर होता, ‘पोहे झाले का’. मिनिटभरात इंदूरहून उत्तर, ‘जिलबी पण’. काका ते मोठ्यानं वाचून दाखवत होते, काकूंना, मला, परत काकूंना. मी अँटेना वळवायची विसरलो, त्यावर ओरडा खाल्ला.

नंतर त्यांनी श्रवणयंत्र घेतलं, कुरकुरत का होईना. त्यांच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. हॅम लोक वहीत सुराचा दर्जा लिहितात, एक ते नऊ. त्या दिवशीच्या रकान्यात काकांनी आकड्याऐवजी लिहिलंय, ‘पाहिला’.

इंदूरच्या मंडळींना विनंती, अशी दुसऱ्या बाजूची वही कोणाच्या घरी असेल तर कळवा. 2018 चा डिसेंबर, पहाटेची फेरी.